बाळोती धुणार कोण?

आमच्या धाकट्या भावाची मुलगी आता सोळा महिन्यांची झाली. घरभर पळते, दाराशी काढलेल्या चपला गोळा करून आणते आणि धरायला गेले की खिदळत पुढे सटकते. तिच्या बाळोत्यांवरून आमच्या घरात जी चर्चा झाली, ती आज वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत. एवढ्याशा फडक्यावर लेख कसला लिहायचा, असे कुणी म्हणेल. पण त्या फडक्यात घरखर्च आहे, लेकराची कातडी आहे, घरातील बाईचे मनगट आहे आणि घराबाहेर कचऱ्यात हात घालणाऱ्या आणखी एका बाईचाही त्याच्याशी संबंध आहे. म्हणून लिहिणे भाग आहे.

आम्ही राहतो देहूरोडला. दोन खोल्या, मोरी आणि वर सामाईक गच्ची. भाऊ चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी कामगार. एक आठवडा दिवसपाळी, तर दुसरा रातपाळी. भावजय तळवड्याकडे एका लहान कारखान्यात पॅकिंगचे काम करते. बाळ दहा महिन्यांचे झाले तशी ती कामावर परत गेली. घरी आमची आई आणि शिवणकाम करणारी आमची पत्नी. म्हणजे आपल्या वस्तीतील कितीतरी घरांसारखेच घर.

पहिले नऊ-दहा महिने काही अडले नाही. आईने आपली जुनी सुती लुगडी फाडून नाडीचे लंगोट आणि चौकोनी दुपटी केली होती. तान्ह्या बाळाची शू थोडी आणि वारंवार. लंगोट ओला झाला की काढायचा, दुसरा बांधायचा. पण बाळ रांगू लागले, धरून उभे राहू लागले, वरचे अन्न खाऊ लागले, तसे सगळे बदलले. आता एका वेळी भरपूर शू होते. वरणभात, भाकरीचा काला पोटात गेल्यावर शी घट्ट आणि वासाची होते. लंगोट बांधायला घेतले की बाळ पालथे होऊन पळते. जुना लंगोट मांडीला आवळतो आणि कमरेवरून घसरतो. थकलेल्या घराने मग सोपा रस्ता धरला. किराणा दुकानात माळेसारखी लटकणारी डायपरची पाकिटे आमच्याही घरात आली.

वहीतला हिशेब

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. घरखर्च वहीत मांडल्याशिवाय झोप येत नाही. मूल मोठे होते तसा डायपरचा आकार वाढतो आणि नगाचा भावही चढतो. समजा एक नग १२ रुपयांना पडला आणि दिवसाला पाच लागले, तर दिवसाचे ६० रुपये, महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे २१,९०० रुपये होतात. भाव दुकानागणिक कमी-जास्त असेल. आपण आपल्या दुकानाच्या भावाने मांडून पाहावे. कंत्राटी पगारात ही रक्कम लहान नाही.

पण खर्चापेक्षा वाईट गोष्ट पुढेच आहे. वस्तू महाग म्हणून ती पुरवून वापरली जाते. दर दोन-तीन तासांनी बदलायचा डायपर आमच्या घरात पाच-पाच तास अंगावर राहू लागला. 'अजून भरला नाही, राहू दे,' असे म्हणणारे आम्हीच होतो. थोड्याच दिवसांत बाळाच्या जांघा लालभडक झाल्या आणि शू केली की ते कळवळून रडू लागले.

डायपर म्हणजे विष आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. ही वस्तू निघाली तीच मुळी बाईचे कष्ट कमी व्हावेत म्हणून. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने १९४६ साली नहाणीच्या पडद्याचे न भिजणारे कापड घेतले आणि लंगोटावर घालायचे आवरण घरच्या शिलाई यंत्रावर शिवले. १९५१ साली त्याचे पेटंट तिला मिळाले. पुढे १९६१ मध्ये 'पॅम्पर्स' हे वापरून टाकायचे डायपर तिकडच्या बाजारात आले. आजच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाची भुकटी असते. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून त्याची लापशी करते. त्यामुळे वरून कोरडे वाटते. पण आत शू असते, शी झाली तर तीही असते, वारा लागत नाही. कोरडे वाटते म्हणून बदलायचे राहून जाते आणि कातडी सोलवटते.

पिशवी फाटली तेव्हा

तरीही आम्ही डायपरच वापरत राहिलो असतो. एका सकाळी डोळे उघडले. रात्री दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी कुत्र्यांनी फाडली होती. चार-पाच वापरलेले डायपर गटाराच्या कडेला पसरले होते आणि कचरा उचलणाऱ्या मावशी वाकून ते उचलत होत्या. हातमोजा एकाच हातात होता. या मावशी आमच्या ओळखीच्या. पौर्णिमेला विहारात आमच्या आईच्या शेजारी बसतात.

आम्ही खाली धावलो आणि म्हणालो, "मावशी, राहू द्या, मी उचलतो."

त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ, रोजचंच आहे. तुमचं निदान माहितीतलं तरी आहे."

त्या वाक्याने आम्ही शरमून गेलो. सभेत बोलताना आम्ही सांगतो की घाण उपसण्याचे काम जातीने आपल्या माथी मारले. आणि आमच्या घरच्या लेकराची शी आम्ही कागदात न गुंडाळता आमच्याच एका मावशीच्या हाती देत होतो. बाळोते घरात धुवायचे आम्हाला जड झाले, म्हणून ते काम घराबाहेरच्या बाईवर गेले. काम नाहीसे झालेच नव्हते.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या भगिनींनी याच प्रश्नावर आवाज उठवला आहे. १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. त्यातील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजाच्या. त्यांच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. २०१३ साली या भगिनींनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना परत पाठवल्या. माल विकून नफा घेता, तर कचऱ्याची जबाबदारीही घ्या, असा त्याचा अर्थ. पुढे 'लाल ठिपका' मोहीम आली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचा, त्यावर लाल ठिपका काढायचा आणि वेगळा द्यायचा, म्हणजे वेचणारीला पुडके उघडून पाहावे लागत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर बनवणाऱ्यांनी पाकिटाबरोबर गुंडाळण्याची पिशवी द्यावी आणि वापरणाऱ्याने ते गुंडाळूनच टाकावे, असे सांगितले होते. पण कागदावरचा नियम आपल्या उकिरड्यापर्यंत पोहोचायला आपलाच हात लागतो.

रात्री सगळे जमले

त्या रात्री जेवणानंतर आम्ही घरात विषय काढला. दिवसा कापडी बाळोती वापरायची, रात्री झोपताना एक डायपर, असे ठरवू म्हणालो. भाऊ मान डोलावू लागला. भावजय गप्प. तेवढ्यात आई म्हणाली, "ठरवलं तुम्ही पुरुषांनी. धुणार कोण?"

कुणी काही बोलेना. आईचे गुडघे दुखतात, खाली बसून धुणे तिला होत नाही. भावजय पाळीवरून आली की हातपाय गळून येते. आमची पत्नी दिवसभर मशीनवर. म्हणजे आमच्या सुंदर ठरावाचा सगळा भार तीन बायकांवर पडणार होता.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छतेचे महत्त्व सांगितले. त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले की पत्नीने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे. यातील पहिला भाग आपण पुरुष आवडीने सांगतो. दुसरा भाग मोरीपर्यंत आणत नाही. आम्ही त्या रात्री कबूल केले की सकाळची बादली आमची आणि भावाच्या दिवसपाळीच्या आठवड्यात संध्याकाळची बादली त्याची. रातपाळीच्या आठवड्यात उलटे. पहिल्या दिवशी गच्चीवर बाळोती वाळत घालताना शेजारचे एक दादा हसले. आता त्यांच्याही दोरीवर त्यांच्याच हातची बाळोती दिसतात.

मोठ्या बाळासाठी काय बदलले

आता उपयोगाचे सांगतो. दहा महिन्यांपुढील बाळाला तान्ह्याचा लंगोट पुरत नाही, म्हणून कापड सोडू नये. लंगोटाची रीत बदलावी.

कापड सुतीच हवे. जुने लुगडे, धोतर, सुती चादर, मलमल चालते. आजकालच्या बऱ्याच साड्या पॉलिएस्टरच्या असतात. त्या शू शोषत नाहीत, तेव्हा त्या घेऊ नयेत. ओळखायचे सोपे आहे. कापडावर चमचाभर पाणी टाकावे. लगेच जिरले तर कापड कामाचे. नवे कापड असेल तर आधी दोन-तीन वेळा धुवून घ्यावे, म्हणजे त्यातील खळ निघते आणि ते पाणी ओढू लागते.

साधारण दोन हात लांबी-रुंदीचा चौकोन घ्यावा. त्रिकोणी घडी घालावी आणि मधे लांबट पट्टी ठेवावी. ही पट्टी पुरुषांच्या जुन्या बनियनची करावी. तीन-चार पदरी घडी चांगली शोषते. मुलगा असेल तर पट्टीची जाडी पुढे घ्यावी, मुलगी असेल तर मधे. आमच्या पत्नीने कमरेला नाडीऐवजी चिकटपट्टी शिवली. पळणाऱ्या बाळाला उभ्यानेच बांधता येते. चालत्या बाळाला सेफ्टी पिन लावू नये, उघडली तर टोचते. वरून सैल सुती चड्डी घालावी, म्हणजे घडी जागेवर राहते. प्लॅस्टिकची चड्डी तासन्‌तास घालू नये. तिने वारा अडतो आणि पुन्हा तेच दुखणे येते.

आमच्याकडे १८ बाळोती आणि २० पट्ट्या आहेत. पावसाळ्यात आणखी सहा बाळोती वाढवली. एक गोष्ट लक्षात आली. जाड शिवलेले लंगोट वाळायला दोन दिवस घेतात. पातळ कापड घडी घालून वापरले तर उलगडून दोरीवर टाकता येते आणि अर्ध्या दिवसात वाळते. म्हणून शिवू नये, घडी घालावी.

धुण्याची रीत

शी आधी संडासात टाकावी. मोरीत किंवा गटारात नव्हे. लहान मुलाच्या शीतही रोगजंतू असतात, हे आपल्याकडे पुष्कळांना पटत नाही. मग बाळोते लगेच थंड पाण्यात खळबळावे. आधीच गरम पाणी टाकले तर डाग पक्का होतो. शूची बाळोती झाकणाच्या बादलीत ठेवावीत. रांगणारे बाळ बादलीत डोकावते, तेव्हा बादली उंचावर किंवा बंद दाराआड असावी. थोड्या पाण्यातही लेकरू बुडू शकते.

दिवसातून एक-दोनदा साबण पावडरने धुवावे, इतर कपड्यांत मिसळू नये. नंतर दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. साबण राहिला तर कातडी चुरचुरते. कपडे मऊ करणारे द्रव घालू नयेत, त्याने कापड शोषेनासे होते. मग कडक उन्हात. उन्हाने डाग फिके होतात, वास जातो आणि खर्च काही येत नाही. पावसाळ्यात इस्त्री फिरवावी. शेवटी आपले हात साबणाने धुवावेत.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. आमच्या शेजारच्या पिंपरी-चिंचवड शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा तान्ह्या बाळाच्या घरांचे किती हाल झाले ते आम्ही पाहिले. आम्ही असे करतो. घरच्या धुण्याचे शेवटचे पाणी बाजूला ठेवतो, बाळोती पहिल्यांदा त्यात खळबळतो आणि ते पाणी संडासात ओततो. स्वच्छ पाणी फक्त साबणानंतर लागते.

कापड बरे की डायपर, याचा हिशेब ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानेही २००८ साली मांडला होता. त्यात निघाले की सरसकट पाहिले तर दोन्हींच्या प्रदूषणात फार फरक नाही. पण कापड दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले आणि तीच बाळोती दुसऱ्या बाळालाही वापरली, तर कापडी बाळोत्यांचे प्रदूषण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. दोरीवर वाळवणे आणि थोरल्याचे धाकट्याला देणे आपल्या घरांना कुणी शिकवायला नको.

कातडी लाल झाली तर

प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवून, टिपून कोरडे करावे. घासू नये. पावडर उधळू नये, ती बाळाच्या श्वासात जाते. दिवसातून थोडा वेळ बाळाला तसेच मोकळे खेळू द्यावे. झिंक ऑक्साइडचे मलम औषधाच्या दुकानात मिळते, त्याचा थर लावावा. दोन-तीन दिवसांत लाली गेली नाही, जांघेच्या घडीत लालभडक चट्टे आले, फोड आले किंवा ताप आला, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आमच्या बाळाला बुरशीचे दुखणे निघाले, त्याला वेगळे मलम लागले. शेजारणीने सांगितलेले मलम आपल्या मनाने लावू नये.

पायावर बसवायची जुनी रीत

कापडाचा एक फायदा आईने दाखवला. ओले झाले की बाळाला कळते. आमची मुलगी आता चड्डीला हात लावून उभी राहते. आईने जुनी रीत सुरू केली. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर बाळाला आपल्या दोन्ही पायांवर बसवायचे आणि तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज काढायचा. कधी जमते, कधी नाही. पण जमले की तेवढे बाळोते वाचते. साधारण दीड ते दोन वर्षांच्या पुढे, दोन तास कोरडे राहणे, खुणेने सांगणे, चड्डी ओढणे अशा खुणा दिसू लागल्या की भांड्यावर बसवायला सुरुवात करावी. काही मुलांना तीन वर्षेही लागतात. चड्डीत झाले म्हणून चापट मारू नये. मारले की मूल शी दाबून धरते आणि मग खडा होतो.

जिथे डायपर लागतो

हट्ट कसलाच नको. रात्रीच्या झोपेला, लोकलच्या प्रवासाला, दवाखान्यात आम्ही डायपर वापरतो. १९५४ साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी इथे लोटणाऱ्या गर्दीत लेकराला घेऊन उभ्या राहिलेल्या आईला बाळोत्याचा आग्रह कुणी करू नये. फक्त शी संडासात टाकावी, डायपर कागदात गुंडाळावा, लाल ठिपका काढावा आणि वेगळा द्यावा. जाळू नये, संडासात किंवा नाल्यात टाकू नये. दिवसाला पाचऐवजी एक डायपर लागू लागला, तर वहीत महिन्याचे १,८०० चे ३६० होतात. साबण आणि कापड धरूनही हजाराच्या वर वाचतात.

कारखान्याचाही वाटा

ज्या घरात दिवसभर कुणीच नाही, तिथे काय? तिथे घराला बोल लावून उपयोग नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रीला बाळंतपणाचा लाभ देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. १९४८ च्या कारखाने कायद्यातील ४८ व्या कलमात पाळणाघराची तरतूद होती आणि मुलांचे कपडे धुण्या-बदलण्याच्या सोयीचाही त्यात उल्लेख होता. म्हणजे बाळोत्याचा विचार कायद्यानेही केला होता. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासाची हीच अट आली. आपल्या भगिनी जिथे काम करतात तिथे पाळणाघर आहे का, हे युनियनच्या बैठकीत विचारावे. एकटीने विचारले तर कंत्राट जाते, म्हणून दहाजणींनी मिळून विचारावे.

वाचक बांधवांना आमची विनंती एवढीच. जुनी सुती लुगडी बोहारणीला देण्याआधी वस्तीत लहान मूल असलेल्या घरी विचारा. महिला मंडळांनी एखाद्या रविवारी बाळोते बांधायची रीत नव्या आयांना दाखवावी. आणि वडिलांनो, काकांनो, एक बादली आपण उचला. आमच्या आईने विचारलेला प्रश्न आपल्या घरातही कुणीतरी मनात धरून बसली असेल. तिने विचारण्याची वाट पाहू नका.